करडा चुंबक

भाचीला संशोधनासाठी जागा मिळाली तेव्हा मी तिला ढवळायचा चुंबक दिला. करंगळीच्या पेराएवढा, मूळच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या आवरणातला. फ्लास्कमध्ये टाकून खालचं यंत्र सुरू केलं की आत गरगर फिरतो. चाळीस वर्षं मी एका प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतली. निवृत्त होताना टाकाऊ म्हणून तो मला मिळाला होता. द्यायला दुसरं काही नव्हतं.

तिने तो शकुनाचा मानला. प्रत्येक प्रयोगात तोच.

आपल्या शरीरातली काही एन्झाइम धातूच्या मदतीशिवाय रेणू जोडतात. त्यांची नक्कल करणारा उत्प्रेरक तिने तीन वर्षं खपून बनवला होता. एक्क्याण्णव टक्के पदार्थ मिळत होता. सोमवारी शोधनिबंध पाठवायचा होता. फक्त शेजारच्या टेबलावरच्या मुलीला तीच कृती जमत नव्हती.

"तिच्या हाताला गुणच नाही," भाची जेवताना म्हणाली.

"तुझ्या आहे वाटतं! रोज चहा उतू घालवतेस," तिची आई, माझी ताई, म्हणाली.

मी हसलो आणि माझा घास हातातच राहिला. तो चुंबक आमच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पॅलेडियम हा धातू घातलेल्या फ्लास्कांत फिरला होता. आवरण करडं पडलं होतं. तो करडेपणा धुऊन जात नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि पॅलेडियम डोळ्यांना दिसणार नाही इतकं असलं तरी रेणू जोडायचं काम करतं.

दोन दिवस पुस्तकं चाळली, मिटली. मी कोण सांगणारा? चुकलो तर हसं होईल. बरोबर ठरलो तर पोरीची तीन वर्षं पाण्यात.

रविवारी सकाळी ती बूट घालत असताना कसंबसं सांगितलं.

"मामा, हे आत्ता सांगतोस? 'धातूविना' हा शब्द शीर्षकातच आहे!"

"धीर झाला नाही गं. माझं चुकतही असेल."

"चुकत असलं तर पेढे देईन," म्हणत तिने दार आपटलं.

संध्याकाळी ती आली ती सरळ खुर्चीत बसली. ताईने पाणी दिलं.

"नवा चुंबक टाकला. चार टक्के."

"एक्क्याण्णवाचे चार?" ताईने विचारलं.

"हो. सरांना फोन केला. निबंध थांबवलाय."

"माझंच पाप," मी म्हणालो.

"तू नुसता दिलास. मी तीन वर्षांत एकदाही दुसरा टाकून पाहिला नाही, शकुन मोडेल म्हणून! आणि म्हणे शास्त्रज्ञ." ती हसली; डोळे लाल होते. मग पाणी पिऊन म्हणाली, "शेजारी आणखी एक फ्लास्क लावला होता. नवा चुंबक, पण माझा उत्प्रेरक न घालता. त्यात शून्य."

"म्हणजे?"

"म्हणजे ते चार माझे आहेत, मामा. खरेखुरे."

तिने करडा चुंबक माझ्या तळहातावर ठेवला.

"उद्या चारापासून सुरुवात. त्याआधी भांडी कशी धुवायची ते शिकव."

मी बाह्या वर केल्या.