कपास लाउंजमधला चहा

पोराकडच्यांनी हॉटेलात बोलावलं तेव्हाच उकंडानं बायकोला, इंदूबाईला सांगून टाकलं होतं, "मी काही येत नाही. पोरगी पाहाले येणाऱ्यानं पोरीच्या घरी चहा प्यावा, हे रीत हाये. तू त्याइले इकडं घेऊन ये. मी दूध आणून ठेवतो." आणि इस्त्रीचा सदरा घालून तो घरीच बसला. नवे कप धुऊन ताटात पालथे घातलेले.

इंदूबाई लेकीला, दीपमालाला घेऊन निघाली. बोरी अरब गावच्या शाळेत पोट्ट्यांचे कान पिळून रिटायर झालेली बाई ती, कोणाच्या बापाला भीत नव्हती. पण पोरीचा जीव साकेतवर होता. म्हणून आज तोंड आवरायचं, एवढं तिनं ठरवलं होतं.

त्या साली बोंडअळीनं जिल्ह्यातल्या कापसाची माती केली होती, आणि कोण्या शहाण्यानं यवतमाळात हॉटेल काढलं, नाव काय तर कपास लाउंज. दारातच पितळी घंगाळात कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या, बोंडांसकट, सोनेरी रंग फासलेल्या. लोकांनी रडत उपटून शेताच्या धुऱ्यावर जाळल्या त्याच. इंदूबाईनं एक बोंड उलटून पाहिलं. रंगाखाली अळीचं भोक जसंच्या तसं.

साकेत आणि त्याचे आईवडील आधीच येऊन बसले होते. चंद्रशेखरराव कचेरीतून साहेब म्हणून निवृत्त, सुनीतीबाईही नोकरी करून घरी बसलेल्या.

"आम्ही जातपात कधीच सोडली हो," इंदूबाईनं खुर्ची ओढायच्या आत चंद्रशेखररावांनी जाहीर केलं.

सोडली असेल. पण सोडलेली वस्तू माणूस घडोघडी खिशातून काढून दाखवत नाही.

"माझी ऑफिसातली मैत्रीण तर तुमच्यातलीच होती," सुनीतीबाई म्हणाल्या. "इतकी स्वच्छ राहायची! सांगितल्याशिवाय कळायचं नाही."

इंदूबाईच्या जिभेवर उत्तर आलं होतं. दीपमालानं टेबलाखालून तिचा हात दाबला. इंदूबाईनं उत्तर गिळलं.

मग तो चहा आला. माणशी साडेचारशेचा. तीन मजली तबकडी. वर अंगठ्याएवढे सँडविच, कडा वाळून वर वळलेल्या. मधे अर्धा कापलेला गार समोसा, अख्खा दिला असता तर मालक भिकेला लागला असता. खाली केक, त्यावर कापसासारखं पांढरं काहीतरी फासलेलं. आणि काचेच्या किटलीत कोमट पाणी. वेटरनं दोऱ्याला बांधलेली पुडी त्यात बुडवली, वर काढली आणि बाळंतपण उरकल्यासारखा मागं सरून उभा राहिला.

सुनीतीबाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "शी! याला चहा म्हणतात? माझं तर डोकंच उठलं."

तेवढ्यात इंदूबाईचा फोन वाजला. उकंडा. "दूध ठेवू काय गॅसवर?"

"थांबा थोडं," ती म्हणाली आणि फोन टेबलावर ठेवून पाहुण्यांकडे वळली. "चला नं घरी. दोन गल्ल्या सोडून घर हाये आपलं. गवती चहा टाकून फक्कड चहा करतो. दीपाचे बाबा वाट पाहून राह्यले."

तिघंही त्या शिळ्या सँडविचकडे पाहू लागले, जसं काही त्यात फार वाचण्यासारखं होतं.

"अहो, चहा झालाच की आता," सुनीतीबाई म्हणाल्या.

"आणि मला ॲसिडिटी," चंद्रशेखरराव म्हणाले. "चहा वर्ज्यच आहे म्हणा ना."

"मंग पाणी घ्या."

"येऊ ना, येऊ. सवडीनं."

बिल देऊन सगळे बाहेर आले. सुनीतीबाई कपाळ चोळत होत्या. गाडीचं दार उघडता उघडता चंद्रशेखरराव लेकाला म्हणाले, "साकेत, चौकात थांबव रे. त्या टपरीवर एकेक चहा मारू. हिचं डोकं उतरेल."

बोलून गेले, आणि मग त्यांना कळलं कोण ऐकत होतं.

नालीवरच्या टपरीचा चहा चालत होता. कोणाच्याही उष्ट्या, एकाच बादलीत बुचकळलेल्या गिलासातला. ॲसिडिटी नव्हती तिथं.

इंदूबाईचं तोंड आता आवरणार नव्हतं. पण दीपमाला पुढं झाली.

"साकेत, तू तरी चलतं काय?"

साकेतनं बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग हातातल्या किल्लीकडे. "आज राहू दे ना दीपा. एका चहानं काय होतं? लग्नानंतर येऊच की."

"कायले?" दीपमाला म्हणाली.

त्याला ते समजलं नाही. किल्ली फिरवत तो गाडीत जाऊन बसला.

फोन पुन्हा वाजला. दीपमालानं तो आईच्या हातातून घेतला.

"हो बाबा. ठेवा गॅसवर." ती गाडीकडे पाठ करून घराकडं चालू लागली. "तिघांपुरतंच ठेवा."