शालनअक्काची एलसी

शालनअक्का वारल्यानंतर चौथ्या वर्षी मी तिला परत मागवण्यासाठी बँकेत एलसी उघडली, आणि या मंगळवारी ती बोटीने सांगलीला आली. सांगलीला समुद्र नाही. बोट कृष्णेतून वर आली आणि बँकेच्या मागच्या भिंतीला दोरखंडाने बांधली गेली. नदीला गुडघाभर पाणी होतं, पण बोटीचं काही अडलं नाही.

एलसीचं, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटचं, मला नवल नाही. तासगावचा बेदाणा मी बरीच वर्षं परदेशी पाठवते. विकणाऱ्याचा घेणाऱ्यावर भरवसा नसतो, घेणाऱ्याचा विकणाऱ्यावर नसतो, म्हणून मध्ये बँक हमी राहते. घेणाऱ्याने घातलेल्या अटींप्रमाणे कागद आले की बँक किंमत चुकती करते. नाही आले, तर नाही. माल चांगला की वाईट हे ती बघत नाही. किंमत म्हणून मी माझ्या उरलेल्या वर्षांतली निम्मी लिहून दिली होती. पाठवणाऱ्याचं नाव काय लिहायचं ते मला ठाऊक नव्हतं. तो रकाना बँकेने आपणहून भरला.

अटी मात्र माझ्या होत्या, आणि मी त्या घट्ट घातल्या. अटी सैल ठेवल्या की लोक बेदाण्याच्या नावाखाली काड्या पाठवतात. दुधाने तोंड पोळलेली बाई मी, ताकही फुंकून पिते. अक्का इरकल नेसलेली असावी. मला कुंदे म्हणणारी असावी. आणि तिला खोकला नसावा. शेवटच्या वर्षी त्या खोकल्याने तिला कापसासारखं पिंजून काढलं होतं. ती हवी होती, तो नको होता. इतकं साधं होतं ते.

बँकेत पोचले तेव्हा ती काचेच्या पलीकडे, मालाच्या बाजूला, बाकावर बसली होती. हिरवं इरकल, पायाशी पिशवी. मला बघून तिने हात केला आणि लगेच पदर तोंडाला लावून खोकली. मला तिची इतकी आठवण येत होती की ती समोर बसलेली असतानाही येतच राहिली.

परदेशी व्यवहारांच्या टेबलाला हेर्लेकरसाहेब होते. त्यांनी फाइल डोळ्यांसमोर उभी धरली होती, म्हणजे चुकून माल दिसायला नको.

"कागदात खोट आहे, कुंदाताई," ते म्हणाले. "बोटीची पावती स्वच्छ पाहिजे. कॅप्टनने तिच्यावर शेरा मारलाय. 'माल चढवताना खोकत होता.'"

"असू दे. मला चालतं. मी सूट देते."

मी सूट म्हणाले तशी टेबल आणि काच यांच्यामधली जमीन एका फरशीने वाढली. हेर्लेकरांनी पाय थोडे आखडून घेतले.

"सूट अर्जदार देतो."

"अर्जदार मीच आहे."

त्यांनी अर्ज काढला, वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. "अर्जदार म्हणजे खोकला नसलेली अक्का मागणारी बाई. तुम्ही खोकणारी मागताय. तुम्ही त्या नव्हेत."

इथेच घोडं पेंड खात होतं. मी सही करून दाखवली, पण ती जुळली नाही. आधार कार्ड काढलं, तर त्यावरच्या फोटोतली बाई माझ्याकडे अनोळखी नजरेने बघायला लागली. मी म्हटलं, मग अटच बदला. ते म्हणाले, अट बदलायला पाठवणाऱ्याचीही संमती लागते.

"मग त्यांना विचारा."

"ते उत्तर देत नाहीत. ते नुसता माल पाठवतात."

मी काचेकडे निघाले. प्रत्येक पावलाला पुढे एक फरशी वाढत होती, म्हणून मी पावलं टाकायची सोडून पळत सुटले आणि कशीबशी काचेला टेकले. अक्काही उठून पलीकडून टेकली. तिच्या श्वासाने काच धुरकट झाली.

"कुंदे, कशाला एवढ्या अटी घातल्यास गं?"

"तुला परत तो त्रास नको म्हणून."

"अगं, खोकल्याबिगर मी कशी येणार? शेवटी तेवढाच तर हुता माझ्यासंगं. तुम्ही सगळी झोपलेला असायचा." ती हसली. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा. ल्हानपणापासनं सांगत आले तुला."

"अक्का, घरी चल."

"चल म्हंजे? दार कुठाय?"

दार नव्हतं. सकाळी होतं. आता तिथे नोटीस लावलेली होती. खोट असलेला माल त्याच बोटीने परत जाईल, बोट बँक बंद होताना सुटेल. मी वळून हेर्लेकरांना हाक मारली. ते आता फार लांब होते, पण आवाज अगदी जवळून आला.

"मुदत आहे अजून. शटर पडायच्या आत नवी स्वच्छ पावती आणा. मग बँकेला नाही म्हणता येणार नाही."

तेवढ्यात काचेपलीकडे, बोटीच्या बाजूने कॅप्टन आत आला. गुडघ्यापर्यंत ओला, कानावर पेन. त्याने कोरी पावती अक्काच्या बाकावर ठेवली आणि कान तिच्या तोंडापाशी नेला.

"मी ऐकतो तेच लिहितो," तो म्हणाला.

"ऐका की," अक्का म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "कुंदे, थांब. मी बघते काय करायचं ते. घरी जाऊन च्या करू."

तिने पदराचा बोळा करून तोंडात कोंबला आणि श्वास धरला. खोकला छातीत आला, खांद्यांपर्यंत चढला, तिथेच अडकला. कॅप्टन ऐकत राहिला. काचेवरचा तिचा धुरकट श्वास कडेने विरत आत आला आणि पुसला गेला. शटर कुरकुरत खाली यायला लागलं. हेर्लेकर म्हणाले, आता अगदी नियमाप्रमाणे चाललंय.

आधी तिची नखं निळी झाली, मग ओठ. तो रंग मला ती गेली तेव्हापासून ठाऊक होता. पावती स्वच्छ व्हायला किती वेळ लागतो ते मला त्या रंगावरून कळलं.

"अक्का, खोक!" मी काचेवर दोन्ही हात आपटत ओरडले. "नको मला पावती! खोक गं!"

तिने ऐकलं. पदर घट्ट धरून, डोळे माझ्यावर ठेवून तिने मान हलवली, नाही म्हणून, आणि कॅप्टनने समाधानाने पेन कागदाला टेकवलं.