एका पावलाचा हुक्म

"द्वारकाबाई, खरं सांगा, तुम्हाला वाचता येतं का हो?"

भगवती आणि चंदनने माझ्याशी पैज मारली होती, की मी, म्हणजे उषा, हे विचारणार नाही. त्या आठवड्यात इमल्यात, म्हणजे उर्दू शुद्धलेखनात, माझा पहिला नंबर आला होता, त्यामुळे मी जमिनीवर नव्हतेच. शाळेच्या दारात, सगळ्या मुलींसमोर, खणखणीत आवाजात विचारलं.

"न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "एक अक्षर येत न्हाई. कामून?"

द्वारकाबाई आमच्या शाळेच्या बोलावणाऱ्या. सकाळी घरोघर जाऊन मुली गोळा करायच्या, रांगेने शाळेत आणायच्या, सायंकाळी ज्याची त्याची मुलगी दारात पोचवायची. एकोणीस वर्षं हेच काम. जालन्यातले लोक मुलगी सरकारच्या नाही, द्वारकाबाईंच्या हवाली करायचे.

वाचता येत असेल असं आम्हाला वाटण्याचं कारण होतं. सरकारचा कारभार उर्दूत, म्हणून शाळा उर्दू; घरं मराठी, नाहीतर मारवाडी. शब्दाच्या शेवटी दोन व्यंजनं चिकटून आली की आमचं तोंड मध्ये एक स्वर घालून मोकळं व्हायचं. उस्तानी, म्हणजे आमच्या शिक्षिका, म्हणायच्या 'हुक्म', आम्ही म्हणायचो 'हुकूम'. 'सब्र'चं 'सबर', 'वक्त'चं 'वखत'. मग छडी. द्वारकाबाई व्हरांडा झाडता झाडता हे सगळं ऐकायच्या आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यात सांगायच्या, "शब्दाला पावलं असत्यात पोरीहो. हु, कूम, ही झाली दोन. उस्तानीचा हुक्म एकाच पावलात मावतो. पाय टाका अन् तोंड तिथंच मिटा. दुसरं पाऊल उचलूच नका."

वीस मुली, एकदम एक पाय. हुक्म.

घाण्यावरचा कडूबा ओरडायचा, "द्वारकाबाई, पलटण कोण्या लढाईला निघाली?"

"तुझी पोरगी धाड, मंग सांगते."

छोटी नंदा शाळेत सहा महिने तोंड उघडत नव्हती. तिला त्यांनी आधी तिचंच नाव चालायला लावलं. नं, दा. दोन पावलं. मग शेजारणीचं नाव, मग गल्लीचं. उर्दू सगळ्यात शेवटी.

तर त्या दिवशी मी पैज जिंकले. पण दाराच्या पडद्यामागे मोठ्या उस्तानी, आमच्या मुख्याध्यापिका, उभ्या होत्या. त्या बाहेर आल्या. "जिसे अलिफ नहीं आता, वो मेरी लड़कियों को सबक देती है?" त्या दुष्ट नव्हत्या. आठ दिवसांवर मुआयना होता, तपासणीला औरंगाबादहून बाई येणार होत्या. त्यांनी सांगितलं, उद्यापासून मुली आणायच्या, तोंड बंद ठेवायचं. रस्त्यात एक शब्द निघाला तर नोकरी गेली.

"जी," द्वारकाबाई म्हणाल्या. मग मला हाताला धरून रांगेत उभी केली. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी रांग मुकाट्याने निघाली. घाण्यापाशी द्वारकाबाईंनी उजवा पाय जरा जोरात टाकला आणि थांबल्या. नजर समोर. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. मग पुढून नंदाचा बारीक आवाज आला, "हुक्म."

पुढचं पाऊल.

"सब्र," दोघीतिघी म्हणाल्या.

बाजार येईपर्यंत वीस आवाज झाले होते. द्वारकाबाईंनी तोंड उघडलं नव्हतं, कडूबाला विचारा.

मुआयना झाला. तपासणीच्या बाईंनी एकेकीला उभं केलं. सगळ्या जणींनी शब्द असे मिटले की जणू डबीचं झाकण. नंदानेसुद्धा. बाई खूश झाल्या. "किसने सिखाया?"

मोठ्या उस्तानी म्हणाल्या, "हमारे यहाँ मेहनत होती है।"

मी उभी राहिले. मला कुणी उठवलं नव्हतं. "द्वारकाबाईंनी शिकवलं," मी उर्दूतच म्हटलं, "चालता चालता."

"वो? वो तो इस्कूल की बुलाने वाली है," तपासणीच्या बाई हसल्या.

"जी. तुम्ही पुढे 'इ' लावून 'इस्कूल' म्हणता, आम्ही मध्ये 'ऊ' घालून 'हुकूम' म्हणतो. ज्याचं तोंड ज्या घरात चालायला शिकलं तसं ते चालतं. त्यासाठी तुम्हाला कुणी छडी मारली नाही. आम्हाला मारली. न मारता शिकवणाऱ्या एकट्या द्वारकाबाई."

तपासणीच्या बाईंनी वही मिटली.

मला दिवसभर उभं केलं. मनाई मोडली म्हणून द्वारकाबाईंना कामावरून काढलं. सायंकाळी त्यांनी नेहमीसारख्या सगळ्या मुली पोचवल्या, शेवटी मला. मायला म्हणाल्या, "उद्यापासून दुसरी येईल. पोरीला जल्दी तयार ठेवत जा."

"बाई, माझ्यामुळं झालं," मी म्हटलं.

"तू इचारलं, मी सांगितलं. येतं म्हणायचं होतं का मंग?" पदर सारखा करून त्या निघून गेल्या.

नवी बाई तीन दिवस दारोदार हिंडली. रांगेत चौघीच. नंदाच्या आजीने तर दार उघडलंच नाही. म्हणाली, पोरगी द्वारकाबाईसंगं धाडली होती, हिच्यासंगं न्हाई. चौथ्या दिवशी नंदा मला ओट्यावर दिसली, मांडीवर धाकटा भाऊ. मी हाक मारली तर नुसती बघत राहिली.

त्या सायंकाळी ताटावर बसल्या बसल्या मी वडलांना सांगून टाकलं.

"दादा, उद्यापासून गल्लीतल्या पोरी मी गोळा करणार."

दादांचा घास हातातच राहिला. "बद्रीनाथची पोरगी दारोदार हाका मारत फिरणार? लोक काय म्हणतील?"

"हिला बोलावणारी व्हायला शाळेत घातली का?" माय म्हणाली. "अन् तुझ्या एकटीच्या भरवशावर कोण धाडीन पोरगी?"

"एकटी कुठंय मी? रांगेच्या पुढं द्वारकाबाई चालणार. त्यांना विचारून आले, बराबर सातला निघणार आम्ही. शाळेच्या दारापर्यंत रस्ता सगळ्यांचा आहे, माय. त्याच्यावर चालायला नोकरी लागत न्हाई. आणि रस्त्यात आम्ही बोलणार."