चौथी खाच

सोमवारी सकाळी रेघ साडेसहा सेंटिमीटर होती. हर्षदा शिरगुप्पेनं ती प्लास्टिकच्या पट्टीनं दोनदा मोजली. गळ्याखालच्या उजव्या हाडापासून निघालेली, पेन्सिलीची, आडवी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच जाडीची. जर्नलमधल्या आकृतीतले भाग दाखवायला ओढतात तशी. फक्त टोकाला नाव नव्हतं. आरशासमोर ती कशीही वळली तरी रेघ पूर्वेकडेच राहिली. मग तिनं रेघेवरून ओढणी घेतली आणि कॉलेजची बस पकडली.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनाच रेघा आल्या होत्या. शेवटच्या सत्रात कोणता विशेष विषय घेणार याचे फॉर्म गेल्या आठवड्यात वाटले, त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून. पण बाकीच्यांच्या रेघा बोटभर वाढून थांबल्या होत्या आणि त्यांच्या टोकांना नावं होती. शेजारच्या स्टुलावर बसणाऱ्या सायमा मुल्लाच्या रेघेला सुबक अक्षरात 'अनुवंशशास्त्र' लिहिलेलं होतं. प्रयोगशाळेतले परिचर दत्तूमामा यांच्या रेघेला 'निवृत्ती, एकतीस मे' असं होतं आणि ते दिसेल अशा बेतानं मामा सगळ्यांसमोरून फिरत होते.

"तुझी कोरी कशी काय?" सायमानं विचारलं.

"अजून ठरलं नाही."

"तुझं नाही ठरलं. तुझ्या दाजींचं कधीच ठरलंय."

ते खरं होतं. हर्षदाच्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या यजमानांची जयसिंगपुरात रक्त-लघवी तपासायची लॅब होती. हर्षदानं वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र घ्यायचं, परीक्षा झाली की लॅबमध्ये येऊन बसायचं, असं त्यांनी दिवाळीतच सांगून टाकलं होतं. तिच्यासाठी खिडकीजवळचं टेबल रिकामं करून ठेवलं होतं. दाजी माणूस चांगला होता. तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या आजारपणात रोज संध्याकाळी पंधरा किलोमीटर गाडी मारून तेच येत होते. त्यांना नाही म्हणायचं कसं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. कारण तशी वेळच कधी आली नव्हती.

मंगळवारी रेघ चाळीस सेंटिमीटर झाली. दुपारी ती तिच्या टेबलालगतच्या, प्रयोगशाळेच्या पूर्वेच्या भिंतीला टेकली, तेव्हा भिंत मागं सरकली. आवाज झाला नाही. बेसिन, खिडक्या, खिडकीबाहेरचा शेवगा, सगळंच दोन हात लांब गेलं. नाव लिहायला जागा लागते, हे सगळ्यांना पहिल्या वर्षापासून माहीत होतं, त्यामुळे सगळ्यांनी आपापलं काम चालू ठेवलं. दत्तूमामा मात्र काचपट्ट्या धुवायला घेऊन निघाले आणि वाटेत एकदा थांबले.

"शिरगुप्पे, मला गुडघे दोनच आहेत," ते म्हणाले.

बुधवारी तिच्या डाव्या हाताची बोटं नुसती बाह्यरेषा झाली. आत कातडी नव्हती, ठिपके होते. जीवशास्त्राच्या आकृतीत पेन्सिल घासून छटा देत नाहीत, ठिपके देतात. गडद भागात दाट, फिकट भागात विरळ. करंगळीत तिनं एकशे बारा मोजले. दुखत नव्हतं. जेवताना आई वाढायला वाकली तर तिला हर्षदाच्या तळहातातून ताटातली आमटी दिसली.

"फॉर्म दिलास का गं?" आईनं विचारलं.

"शुक्रवारी चारपर्यंत आहे."

"रेघ जरा आवर. अण्णांच्या पाटाला लागती."

त्या संध्याकाळी दाजी आले होते. त्यांनी रेघ नीट न्याहाळली, खिशातलं बॉलपेन काढलं आणि टोकाला लिहिलं, 'वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र'. अक्षर चांगलं होतं. "झालं. उगीच डोक्याला ताप करून घेतीस," ते म्हणाले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. सकाळी बघते तर अक्षरं रेघेवरून सुटून फरशीवर पडली होती. जर्नलमध्ये पेन चालत नाही. आईनं ती केरसुणीनं गोळा केली आणि टाकायची कशी म्हणून एका वाटीत काढून ठेवली.

गुरुवारी ठिपके कोपराच्या वर आले. प्रयोगशाळा आता इतकी लांब झाली होती, की बेसिनशी उभं राहिलेलं माणूस अंगठ्याएवढं दिसे. हर्षदा एकटी बसून जर्नल चाळत होती. रेघा कशानं आल्या, हे तिनं कुणाला विचारलं नव्हतं. पण आपली का थांबत नाही, याचा तिला अंदाज होता. पान सदतीस. शेवग्याचा परागकण.

तीन आठवड्यांपूर्वी त्या प्रात्यक्षिकात तिनं सूक्ष्मदर्शकात बघितलं होतं. परागकणावर तीन खाचा असतात असं पुस्तकात होतं, आणि तिच्यासमोरच्या ढीगभर कणांना तीनच होत्या. एकाला मात्र चार होत्या. तिनं काचपट्टी फिरवली, भिंग बदललं, डोळा बदलला. चारच. त्या पंधरा मिनिटांत तिला बाहेरचं काही ऐकू आलं नाही. सायमानं हलवलं तेव्हा कळलं की तास संपलाय. मग तिनं सगळेजण काढतात तेच काढलं. मागच्या वर्षीच्या मुलीचं जर्नल समोर ठेवलं आणि त्यातून तीन खाचांचा कण उतरवून घेतला. मॅडमनी सही केली. दहापैकी नऊ.

ती पंधरा मिनिटं मात्र तिच्या डोक्यातून गेली नव्हती. फॉर्मवर चौथा विषय होता, 'परागकणशास्त्र'. तो कुणीच घेतला नव्हता.

"नाव नसेल तर काय होतं मॅडम?" तिनं मॅडमच्या खोलीच्या दारातून विचारलं. डॉ. नीलांबरी देशिंगकर मॅडम टेबलावर जर्नलं तपासत होत्या.

"नाव न दिलेला भाग आकृतीत नाहीच असं धरतात. माहितीय की तुला." मॅडमनी तिच्या खांद्याकडे बघितलं. ठिपके तिथवर आले होते. "उद्या चारला यादी जाईल."

मॅडमची रेघ आखूड होती. टोकाला 'शैवाल' लिहिलेलं होतं, आणि त्याच्याखाली आधीचं काहीतरी खोडल्याचा राखी डाग होता.

"खाली काय होतं?"

"बँकेची परीक्षा. बाबांनी फॉर्म भरून आणला होता." मॅडमनी पान उलटलं. "खोडता येतं. कागद जरा खरबरीत होतो, तेवढंच."

शुक्रवारी दुपारी साडेतीनला दाजी आले. फॉर्मला लावायला हर्षदाचे फोटो त्यांनी स्वतः काढून आणले होते. हेल्मेट काखेत धरून, पोरांच्या रेघा चुकवत चुकवत ते तिच्या टेबलाशी पोचले. तिच्या डाव्या बाजूला आता फक्त बाह्यरेषा होती. दाजींना तिच्यातून पलीकडचं स्टूल दिसत होतं आणि कुठं बघावं ते त्यांना कळेना.

"बसा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी कपाटातून एक काचपट्टी काढली. चिकटवलेल्या चिठ्ठीवर 'शेवगा' आणि हर्षदाचा हजेरी क्रमांक होता. ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून मॅडम बाजूला झाल्या. "बघ."

हर्षदानं उजवा डोळा लावला. कण होता तिथंच होता.

"किती?"

"चार."

"जर्नलमध्ये किती काढल्यास?"

"तीन. मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये तीन होत्या."

"त्या पोरीनंही कुणाचंतरी बघूनच काढल्या असणार," मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी दाजींना खूण केली. दाजींनी हेल्मेट खाली ठेवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि भिंगात बघितलं. बराच वेळ बघितलं. रोज शंभर काचपट्ट्या बघणारा माणूस.

"चार आहेत," ते म्हणाले. मग हर्षदाकडे न बघता म्हणाले, "कशामुळं?"

"माहीत नाही दाजी. कुणी बघितलंय का तेही माहीत नाही."

चार वाजायला सहा मिनिटं होती. लांब, पूर्वेच्या खिडकीशी, दत्तूमामा स्टुलावर चढले होते. मॅडमनीच त्यांना पाठवलं होतं. एका हातानं त्यांनी रेघेचं टोक धरलं होतं, दुसऱ्या हातात टोक काढलेली पेन्सिल होती. त्यांच्यामागं शेवगा फुललेला होता. इथून तो पांढरा ठिपका दिसत होता.

"काय लिहू?" मामांनी ओरडून विचारलं. आवाज पोचायला वेळ लागला.

हर्षदा काहीतरी म्हणाली. शेजारच्या सायमालासुद्धा ते नीट ऐकू आलं नाही.

"ऐकू येत नाही," मामा तिकडून म्हणाले. "जरा मोठ्यानं."

ठिपके गळ्यापर्यंत आले होते. दाजींनी फोटोंचं पाकीट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"सांग की हर्षू," ते म्हणाले. "मी काय वाघ आहे?"

हर्षदा उठून उभी राहिली. तिनं उजवा हात रेघेवर ठेवला. रेघ ताठ होती आणि थोडी कोमट. तिनं श्वास घेतला, तो गळ्यातून खाली ठिपक्या-ठिपक्यांमधून जाताना सगळ्यांना दिसला. मग शेवटच्या खिडकीपर्यंत पोचेल अशा आवाजात ती म्हणाली,

"परागकणशास्त्र लिहा मामा. दाजी, मी लॅबमध्ये येणार नाही."