जाळीआडून सरळ दिसणारा घुमट

मी एक जुनी दोरी आहे, मित्रांनो. वाखाची, करंगळीहून बारीक, साठ हात लांब. माझ्या अंगात गेरू इतका मुरला आहे की आजही मला हात लावणाऱ्याची बोटे लाल होतात. दोरीला कसले आले आहे आयुष्य, असे तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! पण मी घुमट उभे केले आहेत, आणि तेही जिथे घुमट नव्हताच तिथे.

चेंतो गावच्या दोरवाल्याने मला वळले आणि बोलोन्याच्या बाजारात एरकोले ताराबीनी या चित्रकाराने मला निवडले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. विकत घेण्याआधी त्यांनी मला दोन्ही हातांनी ताणले आणि नखाने छेडून कानाशी धरले. ताणल्यावर वाढणारी दोरी त्यांच्या कामाची नव्हती.

मास्तर माणसे काढत नसत. संत, देवदूत, ढग हे काम दुसऱ्याचे. मास्तर काढत ती इमारत. सपाट छतावर ते गुलाबी, राखी दगडाचे खांब उभे करत, त्यांवर कमानी, कमानींवर कठडा आणि कठड्यापलीकडे निळे आकाश. खऱ्या खिडकीतून ऊन ज्या बाजूने येई, त्याच बाजूने रंगवलेल्या खांबांची सावली पडे. बघणाऱ्याला वाटे, छत फोडून कोणी वर मजला चढवला आहे.

यातली मेख माझ्याकडे होती. बघणारा जिथे उभा राहणार, तिथे त्याच्या डोळ्याच्या उंचीवर एक खिळा ठोकायचा. माझे एक टोक त्या खिळ्याला. मधे आडव्या दोऱ्यांची जाळी बांधायची आणि तिच्या एकेका घरातून मला ताणून छताला टेकवायचे. मी टेकेन तिथे खूण, आणि खुणेवरून रेघ. त्या एका जागेवरून सगळे सरळ दिसे. चार पावले सरकलात की खांब कलंडत. वीस वर्षे मी हे केले आणि राजवाड्यांतून वाहवा ऐकली. खरे सांगते, मला गर्व झाला होता.

मग डोंगराकडच्या वाल्दोरा गावातून बोलावणे आले. तिथल्या मठाच्या देवळाला घुमट हवा होता, पण खऱ्या घुमटाचा भार भिंतींना सोसणारा नव्हता, म्हणून तो छतावर रंगवून हवा होता. मास्तर तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते आणि उजवा हात थरथरू लागला होता. हे शेवटचे छत, हे त्यांनाही कळत होते. नेहमीच्या रिवाजाने त्यांनी खिळा खाली दारासमोर, बिशप उभे राहतात त्या जागी ठोकला. अर्धा घुमट रंगून झाला, आणि मठाच्या मदर इप्पोलितांनी त्यांना बोलावून घेतले.

या मठातल्या सिस्टर एकदा आत गेल्या की बाहेर येत नसत. देवळातही त्या वरच्या सज्जात, लोखंडी जाळीआड बसत. मदर जाळीमागूनच बोलल्या.

"मास्तर, तुमचे खांब आमच्या अंगावर येतायत."

मास्तरांनी समजावले की खाली फरशीवर एक जागा आहे, तिथे उभे राहिले की सगळे ताठ दिसते.

"त्या फरशीवर आम्हाला शवपेटीतून नेतात," मदर म्हणाल्या. "तेव्हा डोळे मिटलेले असतात."

मित्रांनो, त्या सज्जात त्यांची स्वतःची मुलगी होती. सोळाव्या वर्षी दोरोतेआ आत गेली आणि सिस्टर कोलोंबा झाली. तेवीस वर्षांत वर्षातून दोनदा, जाळी आणि पडद्याआडून, बापाला तिचा आवाज तेवढा ऐकू येई. ती रोज तिथे बसते हे मास्तरांना पक्के ठाऊक होते. तरी खिळा त्यांनी बिशपांसाठी ठोकला होता. त्या दिवशी त्यांना स्वतःची लाज वाटली आणि मला माझीही वाटली.

त्यांचा गवंडी जिझमोंदो तीस वर्षांचा जोडीदार, जिभेने तिखट. मास्तरांनी त्याला रंगवलेला गिलावा टाचून खाली पाडायला सांगितले तेव्हा त्याने छिन्नी खालीच ठेवली.

"सज्जासाठी काढलात तर दारातून वाकडा दिसेल. गाव हसेल, बिशप हसतील. म्हातारपणी नाव घालवायची हौस आलीय का?"

"टाच," मास्तर म्हणाले.

"हात धड चालत नाही तुमचा."

"म्हणून तर आज टाच. उद्या अजून थरथरेल."

सहा महिन्यांचे काम चार दिवसांत खाली आले. जिझमोंदो छिन्नी मारत होता आणि डोळे पुसत होता. धूळ गेली म्हणे डोळ्यांत!

आता नवी अडचण आली. खिळा हवा सज्जात, आणि पुरुषाला आत पाऊल टाकायला बंदी. मास्तर हटले नाहीत. माझे टोक जाळीतून आत सरकवू द्या आणि कोणीतरी आपल्या आसनावर बसून ते डोळ्याशी धरा, अशी विनंती त्यांनी केली. मदर म्हणाल्या, कोलोंबाचा हात स्थिर आहे. मात्र कामकऱ्यांशी बोलायचे नाही, हा नियम कायम. मग खुणा ठरल्या. एक हिसका म्हणजे पुढे चला, दोन म्हणजे थांबा.

वर्षभर माझे एक टोक लेकीच्या हातात आणि दुसरे परांचीवर बापाच्या हातात होते. एकीकडून कंप येई, दुसरीकडून घट्ट धरल्याचा आधार. मास्तर दमले की तिला माझ्यातूनच कळे आणि ती दोन हिसके देई. मास्तर कुरकुरत बसत, पोलेंटा म्हणजे मक्याची घट्ट लापशी, तिचे दोन घास खात. मी आयुष्यात कधी इतकी ताठ राहिले नाही. मी केसभर जरी सैल पडले असते तरी सगळा घुमट बिघडला असता.

शेवटची रेघ भरली. मास्तरांनी एक हिसका दिला. सज्जातून उत्तराचा हिसका आला नाही. त्यांचा चेहरा उतरला. मग जाळीआडून आवाज आला.

"बाबा, सरळ दिसतंय."

नियम मोडल्याबद्दल तिला आठवडाभर जमिनीवर बसून जेवावे लागले. मास्तरांनी माझे टोक हातातून सोडले आणि तिने मला हळूहळू आत ओढून घेतले.

पुढे जिझमोंदो म्हणाला होता तेच झाले. बिशपांनी दारातून वर पाहून कपाळाला आठ्या घातल्या, गाव हसले आणि मास्तरांना दुसरे छत मिळाले नाही. दोन वर्षांनी ते गेले. कोलोंबा त्या घुमटाखाली आणखी एकतीस वर्षे बसली.

आज मठ रिकामा आहे. मी देवळातच एका काचेच्या पेटीत पडून आहे. पाहुणे दारातून मान वर करतात आणि चित्रकाराला नीट जमले नाही म्हणतात. सज्जाच्या फळ्या कुजल्या आहेत म्हणून त्याला कुलूप आहे. वर कोण जातंय, उगाच खर्च कशाला, असेही मी ऐकते. मित्रांनो, मला जपू नका, हवे तर फेकून द्या. पण त्या फळ्या बदला आणि एकदा कोलोंबाच्या आसनावर बसून वर बघा. तोवर मी प्रत्येकाला हेच सांगत राहणार, की घुमट वाकडा नाही. तुम्ही उभे आहात तिथून बघायला तो काढलेलाच नव्हता.