आधी मोजणी, मग वस्ती

"खिंड गेली आपली," अण्णा म्हणाले.

त्यांच्या थोरल्या मुलीने अजून चपलाही काढल्या नव्हत्या. रक्तपेढीतली सकाळपाळी आटोपून ती नुकती घरात पाऊल टाकत होती. लॅपटॉप टेबलावर मिटलेला होता, सकाळी ती ठेवून गेली होती तसाच, त्याच्यावर तिचा चष्म्याचा डबा.

"तुम्हाला कसं कळलं?"

"वाटलं आपलं. धाकटी काय गप्प बसणारी आहे का?"

ती हात धुऊन आली, पंखा एक वाढवला आणि लॅपटॉप उघडला. आजची चाल येऊन पडली होती. नकाशाच्या मधोमध, ताऱ्यांच्या दोन झुबक्यांना जोडणारा जो एकुलता एक तारा होता, त्याच्याभोवती धाकटीचं निळं कडं दिसत होतं. याच ताऱ्याला अण्णांनी खिंड असं नाव दिलं होतं. त्याच्यापलीकडे उत्तरेला नऊ तारे रिकामे पडले होते, आणि तिकडे जायला दुसरी वाट नव्हती. खाली धाकटीने लिहिलं होतं : 'ताई, रागावू नकोस हं.'

खेळाची कल्पना धाकटीचीच. ती विमानाने अकरा तासांवर राहते. अण्णांची डावी बाजू लुळी पडून आठ महिने झाले, आणि पाच आठवड्यांपूर्वी तिने हा आकाशातल्या साम्राज्याचा खेळ दोघींच्या यंत्रांवर चढवला. "अण्णांचं मन रमेल गं. तू आणि अण्णा एक बाजू, मी एकटी दुसरी बाजू," ती म्हणाली होती. सुरुवातीला प्रत्येकीला एक ग्रह, दोन टेहळणी जहाजं, वसाहतीचं एक जहाज. बाकी सगळा नकाशा काळा. दिवसाला एक चाल.

मन रमलं, यात शंका नाही. अण्णांनी पस्तीस वर्षं सरकारी नोकरीत जमिनी मोजल्या होत्या. नकाशा समोर आला की आपलं निम्मं अंग खाटेला बांधल्यासारखं पडून आहे हे ते विसरत. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम घालून दिला : आधी मोजणी, मग वस्ती. नवी वसाहत पहिल्या दहा-बारा चाली मूळ ग्रहाच्या अंगावर पिते. धान्य तिथून, धातू तिथून, माणसं तिथून. वाईट ग्रह निवडला तर पोर काही बाळसं धरत नाही आणि आई मात्र वाळते. म्हणून टेहळणी जहाज पाठवायचं, हवा बघायची, पाणी बघायचं, मग ठरवायचं.

थोरलीला हे मनापासून पटलं. रक्तपेढीत गट एकदा बघून कोणी सही करत नाही. ती एक जहाज पाठवी, त्याचा अहवाल आला की त्याच ताऱ्याकडे दुसरं पाठवी. दोन्ही अहवाल जुळले की मग वसाहत. तोवर वसाहतीचं जहाज मूळ ग्रहाभोवती घिरट्या घालत राही.

धाकटीने तिसऱ्याच चालीला शेजारचा एक तांबूस, कोरडा गोळा पकडला. "दगड घेतला गं पोरीनं, दगड," म्हणून अण्णा केवढे हसले होते. पण वस्ती झाली की भोवती हद्द पसरते, पाण्यावर तेल पसरावं तशी. बाराव्या चालीला त्या दगडाच्या हद्दीत आणखी दोन ग्रह आपसूक आले. आज चौतिसावी चाल. धाकटीकडे सात ग्रह होते. थोरलीकडे तीन, तिन्ही हिरवेगार, दृष्ट लागावी असे, आणि तिन्ही एका कोपऱ्यात. खिंडीचा दुसरा अहवाल उद्या यायचा होता.

"उद्याच जाणार होतो आपण तिथं," ती म्हणाली.

अण्णांनी डोळे मिटून घेतले होते.

त्यांच्याजवळ दिवसा बसणाऱ्या मावशी पिशवी भरत होत्या. "झोपले वाटतं," त्या म्हणाल्या. "आज लईच बोलले ना फोनवर. दमले असतील."

"कोणाच्या फोनवर?"

"धाकट्या ताईंच्या. रोज येतो की अकराला. अर्धा-अर्धा तास चालतं."

थोरलीला रविवारचा फोन माहीत होता. रविवारच्या फोनसाठी अण्णा केस विंचरून घेत, आणि त्या दिवशी दोन घास जास्त जात, हे तिच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. रोजचा फोन तिला माहीत नव्हता.

"काय बोलतात?"

"आता मला काय कळतंय त्यातलं? काल म्हणत होते, मोजत काय बसतेस, घूस खिंडीत, ताई परवा पोचतेय तिथं. मला वाटलं घाटात गाडी अडकली का काय लेकीची." मावशींनी पिशवीची गाठ मारली. "पण बरं असतं, माणूस हसतं-बोलतं. येऊ मी?"

मावशी गेल्या. अण्णांच्या पापण्या हलत होत्या. झोपलेल्या माणसाच्या इतक्या हलत नाहीत.

थोरली तिथेच उभी राहिली. रोजचा फोन, अर्धा तास. तिच्या वाट्याला अण्णांचे जे शब्द येत ते पाणी, उशी, पंखा, 'जरा सरक', 'गोळी दिलीस का' असे. खेळ सुरू झाल्यापासून मात्र दुपारी ते 'आपण' म्हणत. आपण इकडून जाऊ, आपली हद्द, आपले ग्रह. सत्तेचाळीस वर्षांत अण्णांची बाजू अशी रीतसर पहिल्यांदा तिच्या पदरात पडली होती. आणि तिच्या बाजूला बसून तेच अण्णा तिच्या जहाजांचा ठावठिकाणा रोज अकरा वाजता तिकडे कळवत होते. ग्रह सात होवोत नाहीतर सत्तर, त्याचं तिला काही नव्हतं. तो अर्धा तास मात्र तिने मनातल्या मनात दिवसांनी गुणून पाहिला.

दाढीचा दिवस होता. तिने कोमट पाणी आणलं, टॉवेल गळ्याभोवती अडकवला, ब्रशने फेस केला. आता अण्णांना डोळे उघडावेच लागले.

उजवा गाल झाला. ती हनुवटीखाली आली.

"रोज फोन येतो म्हणे."

"कुणाचा?"

"अण्णा."

"येतो आपला कधीमधी."

"अकराला. अर्धा तास."

"मावशीला घड्याळ कळत नाही."

"मला कळतं. मान वर करा."

त्यांनी मान वर केली. "गळ्याशी पातं धरून विचारतेस, मग काय, खरंच सांगायला पाहिजे."

ती हसली नाही. एरवी अशा बोलण्यावर ती हसत असे.

"अगं, एकटी असते ती तिकडं. विचारायला कोण आहे तिला?"

"मलाही कोण आहे?"

"तुला मी आहे की."

"तुम्ही तिच्याकडून खेळताय."

"सल्ला दिला गं नुसता. खेळतेय तीच."

थोरलीने पातं पाण्यात बुडवून झटकलं. "मला मोजायला सांगितलंत," ती म्हणाली, "आणि तिला जायला सांगितलंत."

आवाज तिने वाढवला नव्हता. बाटलीवरची चिठ्ठी वाचून दाखवावी तशी ती बोलली. पण ते बोलणं खिंडीबद्दलचं उरलं नव्हतं, हे दोघांनाही कळलं.

बावीस वर्षांपूर्वी थोरलीला एका मोठ्या इस्पितळातून पत्र आलं होतं. नवी रक्तपेढी उभी राहायची होती, आणि ती उभी करणाऱ्या चौघांत तिचं नाव होतं. लांबचं शहर. अण्णा म्हणाले, "चांगलंच आहे. पण आधी राहायचं काय ते बघ. वरचा साहेब कसा आहे, विचारून घे. एकदा जाऊन ये." ती जाऊन आली. "रजेचं विचारलंस का? लेखी घे." तिने लेखी मागवलं. उत्तर आलं ते असं, की जागा भरली आहे, आपल्या आस्थेबद्दल आभार. आणखी चार वर्षांनी धाकटीचं पत्र आलं, तेव्हा अण्णांनी ते पुरतं वाचलंही नाही. स्टूलावर चढून माळ्यावरची सूटकेस काढली आणि ओल्या फडक्याने पुसायला घेतली. थोरलीने स्टूल धरलं होतं.

"धाकटी जाणारच होती," अण्णा म्हणाले. डाव्या गालावरचा फेस सुकायला लागला होता. "न थांबणाऱ्याला जा म्हणायला आपलं काय जातं? मोठेपणा तेवढा पदरात पडतो."

"आणि मी?"

अण्णांनी वर छताकडे पाहिलं. पंखा फिरत होता, त्याचं एक पातं जरा वाकडं होतं.

"तू विचारायला आली होतीस, पत्र घेऊन. मी जा म्हटलं असतं तर गेली असतीस."

"म्हणून?"

"म्हणून मोज म्हणालो."

तिने पातं खाली धरलं.

"तेव्हा तर तुम्ही चांगले हिंडतफिरत होतात, अण्णा."

"होतो की. पण तुझ्या आईला जाऊन वर्ष झालं नव्हतं." त्यांनी ओठांवरचा फेस जिभेने चाचपला आणि तोंड वाकडं केलं. "संध्याकाळी कुलूप काढून घरात शिरायचं मला जमायचं नाही. तू आधी आलेली असायचीस. दिवा लावलेला असायचा."

थोरलीने ब्रश पुन्हा ओला केला आणि सुकलेल्या गालावर फिरवला. लुळ्या बाजूची कातडी बोटाने ताणून धरावी लागते, नाहीतर कापतं. तिने ती ताणून धरली आणि हळूहळू, कानापासून खाली, डावा गाल पुरा केला. धाकटीला हे कधी ऐकावं लागणार नव्हतं. तिला सल्ला मिळाला होता, सूटकेस मिळाली होती, रोजचा अर्धा तास मिळत होता. खरं मात्र थोरलीच्याच वाट्याला आलं होतं, तेही बावीस वर्षांनी. हे ऐकावं न लागण्याची धाकटीची सुटकासुद्धा आपल्याला मिळावी असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्याची तिला लाज वाटली नाही.

तिने तोंड पुसलं, टॉवेल काढला, पाणी ओतून आली.

चार वाजले होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, गुडघा मुडपून तिने त्यांना वळवलं. पाठीशी एक उशी, गुडघ्यांमध्ये एक. रोज या वेळी ती टेबल ओढून पलीकडे भिंतीच्या बाजूला नेत असे, म्हणजे वळल्यावरही त्यांना नकाशा दिसे. आज तिने टेबल हलवलं नाही. ती त्यांच्या पाठीमागे खुर्चीवर बसली आणि लॅपटॉप आपल्याकडे ओढला.

"थोरले, नकाशा?"

"इकडेच आहे."

अण्णांचं तोंड भिंतीकडे होतं. "खिंड गेली तरी बिघडत नाही फारसं," ते म्हणाले. "पश्चिमेला ते दोन पिवळे आहेत ना, हद्दीला लागून, तिथं—"

"नको."



नकाशाच्या अगदी दक्षिणेला, कडेला टेकलेला एक अंधूक तारा होता. तिथे कोणाचंच जहाज गेलेलं नव्हतं. त्याला ग्रह किती, हिरवे की तांबडे, हवा आहे का, काही माहीत नव्हतं. थोरलीने घिरट्या घालणारं वसाहतीचं जहाज निवडलं आणि त्या ताऱ्यावर टेकवलं. पडद्यावर चौकट आली : 'या ताऱ्याची मोजणी झालेली नाही. तरीही पाठवायचं?' तिने 'हो' दाबलं.

"पाठवलंस?"

"हो."

"कुठं?"

"पोचल्यावर सांगेन."

"धाकटीनं विचारलं तर काय सांगू?"

"तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगा."

बाहेर कुणीतरी जिना उतरत गेलं. अण्णांनी घसा खाकरला.

"किती चाली लागतील?"

"चौदा."

"चौदा," ते भिंतीला म्हणाले. मग त्यांचा उजवा हात कमरेवरून मागे आला, गादीच्या कडेवर चाचपडला, पुढे सरकून खुर्चीच्या दांडीला लागला आणि तिथे थांबला. थोरलीने तो उचलून पुन्हा पुढे ठेवला नाही. आपला हातही त्याच्यावर ठेवला नाही. ती चालीचा उरलेला अहवाल वाचत राहिली, आणि हात तिथेच, दांडी धरून राहिला.