मागच्या पडवीतलं कांबळं

माधवराव देवस्थळ्यांच्या घरात विमलला सगळे मुलगी म्हणत. तो मुलगा होता. समजायला लागल्यापासून त्याला हे माहीत होतं, आणि सांगायची सोय नव्हती, कारण सांगायचं तरी कोणत्या शब्दांत? आधी परकर-पोलकं, मग पातळ, मग लग्नाची बोलणी, असा सगळा गाडा त्याच्या अंगावरून रीतसर चालला होता. तेही त्यानं निमूट सोसलं असतं. सोसवत नसत ते महिन्याचे चार दिवस.

घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, पाटणकर बाजारामागच्या गल्लीत. संस्थान गेलं, मध्यभारत राज्य आलं, तेही गेलं, कचेऱ्यांची कपाटं ट्रकांत भरून भोपाळला गेली आणि थोरला गोपाळकृष्ण फायलींच्या मागोमाग तिकडे गेला. एवढी उलथापालथ झाली, पण देवस्थळ्यांचं सोवळं जागचं हललं नाही. बाईला पाळी आली की तिनं मागच्या पडवीत कांबळ्यावर बसायचं, कशाला शिवायचं नाही, लांबून वाढलेलं खायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला आई आपण होऊन सांगे, "विमल बाहेरची आहे हं." दूध घालणाऱ्या दौलतसिंहालासुद्धा ते कळे. गल्लीत दवंडी पिटली असती तरी याहून वेगळं काय झालं असतं?

खरं एकीलाच माहीत होतं. शामलाला, गोपाळकृष्णाच्या बायकोला. भोपाळला क्वार्टर मिळेना म्हणून ती दोन मुलींना घेऊन सासरीच राहिली होती. ती नवी असताना एकदा विमल तिच्याजवळ सगळं बोलून गेला. ती घाबरली नाही, हसलीही नाही. थोडा वेळ भाजी निवडत राहिली आणि म्हणाली, "मग तुम्हाला वन्सं कसं म्हणू? भावजीच म्हणायला हवं." तेव्हापासून चारचौघांत वन्सं आणि कोणी नसलं की भावजी. अख्ख्या ग्वाल्हेरात त्याला भावजी म्हणणारं तेवढं एकच माणूस होतं.

दुसऱ्या बाळंतपणात शामला मरता मरता वाचली होती, आणि सासूला नातू हवा होता. शामलाची बहीण मुंबईला नर्स होती. ती पापडांच्या डब्यात तळाशी घालून मूल न होण्याच्या गोळ्या पाठवी. एका वर्षी शामलाची पाळी नेमकी गौरी जेवायच्या दिवशी येणार होती. तिनं गोळ्या मध्ये न थांबवता तशाच चालू ठेवल्या आणि सण पार पडला. आई म्हणाली, "गौरीनंच सांभाळलं गं बाई!" शामला पुरण वाटता वाटता गालात हसली. विमलला हसू आलं नाही. पंगत उठल्यावर त्यानं तिला गाठलं.

"वहिनी, थांबवल्याच नाहीत तर?"

"तर येणारच नाही."

"मग मलाही द्या."

मुंबईहून दुप्पट पापड येऊ लागले. विमलचं रक्त थांबलं, आणि त्याला आपलं अंग पहिल्यांदा आपलंसं वाटलं. तो रोज संध्याकाळी वडिलांबरोबर, तात्यांबरोबर, फूलबागेत फिरायला जाई, एकही खाडा न करता. तात्या खूश होते. लेकीची तब्येत सुधारली असं त्यांना वाटे.

शामलानं बजावलं होतं, "भावजी, गोळ्या घ्या, पण दर महिन्याला खोटं खोटं का होईना, कांबळ्यावर बसा. मंदाआत्यांचं लक्ष असतं." बोलणं शहाणपणाचं होतं. दोन महिने तो बसलाही. तिसऱ्या खेपेला त्यानं कांबळं उचललं आणि परत खुंटीवर टाकलं. "ज्यातून सुटायला गोळ्या घेतो, त्याचंच सोंग करून बसू?" तो म्हणाला. हट्टच तो. पण आयुष्यात त्याला हट्ट करायला एवढंच मिळालं होतं, मग दोष तरी काय द्यायचा?

मंदाआत्या म्हणजे तात्यांची विधवा बहीण. घरात कोण कधी बसली हे तिला पंचांगाशिवाय पाठ. एका दुपारी वाती वळता वळता ती आईला म्हणाली, "वनमाला, विमल कांबळ्यावर कधी बसली होती गं? मला तर याद नाही येत."

आईचा हात थांबला.

बिनलग्नाच्या मुलीची पाळी थांबली की त्या घराला एकच कारण सुचायचं. मूल होऊ नये म्हणून बायका जी गोळी घेतात, तिच्यापायी विमल पोटुशी ठरला.

आईनं माजघराचं दार लावून घेतलं. "कोण आहे तो? सच सांग, तुला माझी शपथ."

विमलला हसू फुटायला आलं. तो तिच्या पुढ्यात उभा होता आणि ती त्याचाच पत्ता विचारत होती. "कोणी नाही आई," तो म्हणाला. आईनं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या थोबाडीत मारली आणि मग स्वतःच भिंतीला डोकं टेकून रडली.

त्या संध्याकाळी तात्या फूलबागेत गेले नाहीत. मंदाआत्यानं सगळं ठरवून टाकलं. "सोमवारी सुलोचनाबाई सुइणीला बोलावू. हात घालून बघेल, असलं तर मोकळी करेल. एकदम चुपचाप."

शामला त्याला न्हाणीघराशी भेटली. तिचा चेहरा उतरला होता. "मी सांगून टाकते गोळ्यांचं."

"काय सांगाल? कोणाच्या, कुठून येतात, तुम्ही का घेता? दादा तुम्हाला पोरींसकट माहेरी पोचवेल." ते खरं होतं. "राहू द्या वहिनी. आजपासून मी घेत नाही."

दुसरा मार्गच नव्हता. आपण बाई आहोत हे त्याला रक्तानं शाबीत करायचं होतं.

शनिवारी सकाळी आलं. इतक्या महिन्यांचं तुंबलेलं असावं तसं आलं. विमलनं स्वतः खुंटीवरचं कांबळं काढलं, स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "आई, मी बाहेरची झाले." हे शब्द त्यानं स्वतःच्या तोंडानं कधी उच्चारले नव्हते. मंदाआत्याचा त्यावर भरवसा बसेना. तिला कपडा बघायचा होता. तोही त्यानं दाखवला.

मग घरात सण झाला. आईनं देवापुढे साखर ठेवली. तात्यांनी बाजारातून पेढे आणले आणि शिवाशिव नको म्हणून एक वरूनच त्याच्या ओंजळीत टाकला. "माफ कर हं बेटा," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. कोणी दुष्ट असतं तर विमलला चीड तरी आली असती. इथे सगळे त्याच्यावर जीव टाकत होते. मंदाआत्या प्रेमानंच म्हणाली, "आता दर महिन्याला मला दाखवत जा. आणि मार्गशीर्षात हिला उजवून टाका."

रविवारी दुपारी आई आणि आत्या नवस फेडायला देवळात गेल्या, तात्या मुलींना घेऊन फूलबागेत. शामला जेवणाचं पान घेऊन पडवीत आली.

"वहिनी, डबा कधी येणार?" विमलनं विचारलं. "या खेपेला तुम्ही म्हणाल तसा बसेन. सोंग करीन. कपड्याचंही काहीतरी करू."

"मी बहिणीला नको म्हणून कळवलंय." शामला खाली बघत होती. "होत्या त्याही मोरीत टाकल्या. सगळ्या."

"तुमच्या पण?"

तिनं मानेनंच हो म्हटलं. गोपाळकृष्ण पुढच्या शनिवारी भोपाळहून यायचा होता. "मला फार भीती वाटली हो," ती म्हणाली.

शनिवारनंतर गोळ्यांशिवाय तिच्यावर काय येणार हे त्याला कळत होतं. रागवावं असं तिच्यात काही उरलंच नव्हतं. त्याला फक्त एकदा ती हाक ऐकायची होती.

"घरात कोणी नाहीये वहिनी," तो हळूच म्हणाला.

शामलानं दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. तिनं लांबूनच भातावर वरण सोडलं आणि पदर सावरला.

"जेवून घ्या वन्सं," ती म्हणाली. "गार होतंय."